एम १७ भोवतीचा रेणुवायू: पावसाळ्यात घरच्या संगणकावर करायचे मोजमाप

धनू राशीतला एम १७ हा तेजोमेघ २६ जूनच्या आसपास मध्यरात्री मध्यमंडलावर येतो. पणजीहून पाहिले तर तो दक्षिण क्षितिजापासून ५८ अंश उंच असतो, आणि नेमक्या त्याच दिवसांत गोव्याचे आकाश ढगांनी मिटलेले असते. ऑक्टोबरात आभाळ मोकळे होईपर्यंत तो संध्याकाळी पश्चिमेला कलतो. मग हाती मार्च ते मे महिन्यांतल्या पहाटा उरतात, त्याही किनारपट्टीवरच्या खाऱ्या धुरकटात आणि दिव्यांच्या उजेडात. सत्तरी किंवा सांग्याकडे गेलात तर दुर्बिणीत हंसासारखा आकार छान दिसतो. पण तिथेही दिसतो तो फक्त तापलेला, आयनित झालेला (अणूंचे इलेक्ट्रॉन सुटलेला) वायू. ज्या ढगातून हे तारे जन्मले तो थंड रेणुवायू बाजूलाच आहे आणि डोळ्याला पूर्ण काळा आहे.

तो मोजायला आकाश उघडे असण्याची गरज नाही. आकाशगंगेच्या पट्ट्याची रेडिओ सर्वेक्षणे सर्वांसाठी खुली आहेत. आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप, बरे इंटरनेट आणि थोडे पायथन एवढ्या भांडवलावर पावसाळ्याच्या सुट्टीत हे काम पूर्ण होते. एमएस्सीच्या प्रकल्पाला ते पुरेसे आहे. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षाला जरा जड जाईल, पण झेपेल.

कशाभोवती काय असते

ओ वर्गाचा, म्हणजे सर्वांत तप्त गटातला तारा सुमारे ९१२ अँगस्ट्रॉमपेक्षा आखूड तरंगलांबीचा प्रकाश ओततो आणि आसपासचा हायड्रोजन फोडतो. या आयनित भागाचे तापमान ८,००० ते १०,००० केल्विन असते. त्याच्या बाहेर एक पातळ थर येतो. तिथे हायड्रोजन फोडणारा प्रकाश पोचत नाही, पण त्याहून सौम्य अतिनील प्रकाश पोचतो. रेणू तुटतात, कार्बनचे इलेक्ट्रॉन निघतात, तापमान काहीशे केल्विनपर्यंत चढते. ८ मायक्रोमीटरच्या अवरक्त चित्रांत जी लखलखीत कड दिसते ती याच थराची. त्याच्याही पलीकडे १० ते ३० केल्विनचा रेणुवायू असतो. आपले काम या शेवटच्या थराचे आहे, मात्र पहिले दोन थर नीट मांडल्याशिवाय तिसऱ्याबद्दल काही बोलता येत नाही.

रेणुवायूत बहुतेक सगळा हायड्रोजनच असतो. पण त्याच्या रेणूला कायम द्विध्रुव नसल्यामुळे थंडीत तो काहीच उत्सर्जित करत नाही. वर्णपटातली त्याची सर्वांत खालची रेषा २८ मायक्रोमीटरला आहे आणि ती पेटायला ५०० केल्विनच्या आसपासची ऊर्जा लागते. म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा आधार घ्यायचा. त्याची पहिली रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्झला येते आणि तिला साडेपाच केल्विन पुरतात. अवकाशात ती १९७० साली मृग नक्षत्रातल्या तेजोमेघात प्रथम सापडली. कार्बन-१३ असलेल्या रेणूची रेषा ११०.२०१ ला आणि ऑक्सिजन-१८ असलेल्याची १०९.७८२ गिगाहर्ट्झला पडते. पुढे त्यांना १२सीओ, १३सीओ आणि सी१८ओ म्हणू.

दोन गैरसमज आधीच काढून टाकावेत. छपरावरच्या टीव्हीच्या डिशने ही रेषा मिळत नाही. ती डिश १२ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते. २.६ मिलिमीटरच्या लहरीसाठी पृष्ठभाग साधारण ०.१३ मिलिमीटरपर्यंत अचूक लागतो, शिवाय समुद्रसपाटीवरची दमट हवा हा पट्टा बराचसा गिळते. जपानमधली नोबेयामाची ४५ मीटरची दुर्बीण १,३५० मीटर उंचीवर आणि चिलीतली अपेक्स दुर्बीण ५,१०० मीटरवर आहे ती याचसाठी. दुसरा गैरसमज नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीबद्दलचा. ४५ मीटरच्या ३० अँटेना ऐकून विद्यार्थ्यांना वाटते की रेणुवायू तिथेच दिसेल. तिचा पट्टा १.४५ गिगाहर्ट्झला संपतो. त्यामुळे ती आयनित वायू सुंदर दाखवते, कार्बन मोनॉक्साइड दाखवत नाही.

एम १७ च का

पहिल्या कामाला अंतर पक्के असलेली वस्तू घ्यावी, कारण वस्तुमान अंतराच्या वर्गाने बदलते. ढगाच्या वेगावरून अंतर काढायला गेले तर आकाशगंगेच्या आतल्या भागात एका वेगाला दोन अंतरे बसतात, जवळचे आणि लांबचे. त्यातले कोणते खरे या घोळात नवशिक्याचा महिना जातो. एम १७ चे अंतर मेसर उद्गमांच्या (लेसरसारख्या रेडिओ लहरी देणाऱ्या ठिपक्यांच्या) पराशयावरून (लंबनावरून) मोजलेले आहे, सुमारे २ किलोपार्सेक (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे). तिथला रेणुवायू दूर जाण्याच्या २० किमी/से वेगाच्या आसपास भेटतो. ढग भरपूर तेजस्वी असल्याने सिग्नल शोधावा लागत नाही. तेजोमेघांच्या शार्पलेसच्या यादीत हीच वस्तू ४५ क्रमांकावर आणि आरसीडब्ल्यू यादीत १६० क्रमांकावर आहे. जुने लेख शोधताना ही नावे लागतात.

गोल बुडबुड्यासारखा तेजोमेघ हवा असेल तर आरसीडब्ल्यू १२० किंवा चर्चवेल यांच्या २००६ च्या यादीतला एन ४९ घ्या. एन ४९ चा वेग सुमारे ८७ किमी/से आहे, आणि त्या दिशेला दुसरे ढगही रांगेत उभे आहेत. म्हणून तो दुसरा प्रकल्प म्हणूनच करावा.

माहिती उतरवणे

मुख्य क्यूब, म्हणजे दोन अक्ष आकाशाचे आणि तिसरा वेगाचा असलेली फाइल, फुगिन सर्वेक्षणाची घ्यायची. नोबेयामाच्या दुर्बिणीने केलेले हे सर्वेक्षण गॅलॅक्टिक (आकाशगंगेच्या पट्ट्याला धरून मोजलेले) रेखांश १० ते ५० आणि अक्षांश अधिक-उणे १ अंश एवढा पट्टा झाकते. १२सीओसाठी विभेदन (सर्वांत बारीक सुटा दिसणारा तपशील) २० आणि १३सीओसाठी २१ आर्कसेकंद, जाळीचा चौकोन (पिक्सेल) ८.५ आर्कसेकंद, वेगाची पायरी ०.६५ किमी/से. जपानच्या आभासी वेधशाळेच्या संकेतस्थळावरून ती मिळते. दोन अंश गुणिले दोन अंश आणि ३०० किमी/से रुंद क्यूबचा हिशोब केला तर एक फाइल जवळजवळ १.३ जीबी भरते. तशा दोन घ्यायच्या, १२सीओ आणि १३सीओ. सी१८ओ फक्त सर्वांत दाट गाभ्यात दिसेल, तिची घाई नको. जुलैत वीज कधी जाईल याचा नेम नसतो. ब्राउझरच्या खिडकीतून उतरवू नका, तुटले तिथून पुढे चालू करणारा डाउनलोडर वापरा. उतरल्यावर फाइलचा आकार संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फिट्स (खगोलचित्रांच्या प्रमाणित साच्यातली) फाइल कित्येकदा उघडते आणि वरच्या भागात शून्ये दाखवते, आणि विद्यार्थी तिथे वायूच नाही असे लिहून मोकळा होतो.

आयनित वायूसाठी एनव्हीएसएस या रेडिओ सर्वेक्षणाचे १.४ गिगाहर्ट्झचे चित्र नासाच्या स्कायव्ह्यूवरून घ्या. त्याचे विभेदन ४५ आर्कसेकंद आहे. मधल्या थरासाठी स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या ग्लिम्प्स सर्वेक्षणाचे ८ मायक्रोमीटरचे चित्र घ्या. २४ मायक्रोमीटरच्या नादी लागू नका, एम १७ चा गाभा त्यात संपृक्त होऊन पांढरा डाग उरतो.

पाहण्यासाठी डीएस९ किंवा कार्टा यांपैकी एक प्रोग्राम. क्यूबमधून चॅनल (वेगाचा एकेक थर) चाळायला कार्टा जास्त सोयीची. हिशोबासाठी पायथनमध्ये ॲस्ट्रोपाय, स्पेक्ट्रल-क्यूब, रीप्रोजेक्ट आणि पीव्ही-एक्स्ट्रॅक्टर बसवा.

कापणे, आणि वेगाचा अक्ष

१.३ जीबीची क्यूब सरळ मेमरीत ओढलीत की पुढच्या एका गुणाकाराला लॅपटॉप गोठतो. आधी कापायची. रेखांश १५.०५, अक्षांश उणे ०.६५ हे केंद्र धरा, बाजू ०.६ अंश ठेवा आणि वेग ० ते ४० किमी/से. यात २५४ गुणिले २५४ चौकोन आणि ६२ चॅनल येतात, म्हणजे जेमतेम १६ एमबी. याहून मोठी चौकट घेतलीत तर खालची कड अक्षांश उणे १ च्या पलीकडे जाते आणि तिथे माहितीच नाही. २ किलोपार्सेकवर ०.६ अंश म्हणजे २१ पार्सेक आणि एक आर्कमिनिट म्हणजे ०.५८ पार्सेक. हे दोन आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, सतत लागतात.

कापण्याआधी शीर्षकातली एकके वाचा. वेगाचा अक्ष बहुधा मीटर प्रति सेकंदात असतो. ० ते ४० मागितलेत आणि एककाचे नाव दिले नाही, तर हाती एखादाच चॅनल येतो. दुसरी गोष्ट संदर्भचौकटीची. रेडिओवाले वेग स्थानिक स्थिर चौकटीत (सूर्याजवळच्या ताऱ्यांच्या सरासरी गतीला धरून) देतात, ताऱ्यांचे दृश्य वर्णपट घेणारे सूर्याच्या चौकटीत. एम १७ च्या दिशेला या दोहोंत सुमारे १४ किमी/से चा फरक पडतो. ताऱ्याचा वेग ६ आणि ढगाचा २० असे पाहून कोणी त्यांचे नाते नाही म्हणायला निघतो, तेव्हा निम्म्या वेळा गडबड इथेच असते.

तिसरी गोष्ट तापमानाची पट्टी, कारण रेडिओ उजळपणा इथे केल्विनमध्ये देतात. दुर्बिणीच्या मुख्य झोताला अनुसरून दुरुस्ती केलेले तापमान हवे. ती दुरुस्ती झालेली आहे की नाही, हे क्यूबसोबतच्या टिपणात दिलेले असते. एन ४९ साठी गॅलॅक्टिक रिंग सर्वेक्षण वापरलेत तर तिथले आकडे दुरुस्तीआधीचे आहेत, त्यांना ०.४८ ने भागावे लागते. हे राहिले की वस्तुमान निम्म्याहून कमी येते, आणि चित्र मात्र अगदी बरोबर दिसते. म्हणूनच ही चूक शेवटपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

गोंधळाची पातळी

गोंधळ म्हणजे सिग्नल नसतानाही आकड्यांत दिसणारे चढउतार. तो मोजायला वायू नसलेले चॅनल निवडा. ते कापलेल्या क्यूबमध्ये मिळणार नाहीत, मूळ क्यूबमधून उणे ५० ते उणे २० किमी/से सारखा रिकामा भाग घ्या. प्रत्येक चौकोनासाठी प्रमाण विचलन काढा आणि त्याचा नकाशा करा. सगळ्या चौकटीसाठी एकच आकडा धरू नका. सर्वेक्षणाचे तुकडे वेगवेगळ्या हवामानात घेतलेले असतात आणि त्यांच्या सीमा या नकाशात पट्ट्यांसारख्या स्पष्ट दिसतात. ते पट्टे पुढे तुमच्या वायूच्या नकाशात दिसले तर त्यांना तंतू समजायचे नाही.

समजा एका चॅनलचा गोंधळ १.५ केल्विन आहे आणि तुम्ही २० किमी/से, म्हणजे ३१ चॅनल बेरजेला घेतलेत. बेरजेतला गोंधळ १.५ गुणिले ०.६५ गुणिले ३१ चे वर्गमूळ, म्हणजे ५.४ केल्विन किमी/से. पण फुगिनचे खरे वेगविभेदन १.३ किमी/से आहे, शेजारचे चॅनल एकमेकांत मिसळलेले आहेत. त्यामुळे खरा आकडा साधारण दोनाच्या वर्गमूळपट, म्हणजे साडेसात ते आठ. समोच्च रेषा याच्या पाचपटीपासून सुरू करा. खालच्या पातळीवरचे झुपके मोहक दिसतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आधी वर्णपट, मग नकाशा

बहुतेक जण क्यूब उघडताच बेरजेचा नकाशा काढतात. इथे थांबा. कार्टामध्ये १३सीओ उघडा, १८ ते २२ किमी/से च्या चॅनलवर जा आणि सर्वांत उजळ जागेवर कर्सर ठेवा. एम १७ च्या नैऋत्येचा हा प्रसिद्ध ढग. गॅलॅक्टिक चौकटीत तो तेजोमेघाच्या उजवीकडे, किंचित वर पडतो, कारण इथे आकाशाची दिशा विषुववृत्तीय चित्रापेक्षा फिरलेली असते. आता कर्सर हळूहळू डावीकडे, आयनित वायूच्या दिशेने सरकवा आणि खालच्या खिडकीतला वर्णपट पाहत राहा. शिखर आधी उंचावते, मग काही चौकोनांतच कोसळते. ढगाची कड ती इथे. पाच-सहा चौकोनांत, म्हणजे अर्ध्या पार्सेकच्या आत, वायू संपतो. ज्या ढगाला शेजारचा तारा जाळत नाही त्याची कड अशी सुरीने कापल्यासारखी नसते.

त्याच जागी १२सीओचा वर्णपट लावा. अनेक ठिकाणी त्याला दोन शिखरे दिसतील आणि मध्ये खळगा. लगेच दोन ढग, दोन ढगांची टक्कर असे लिहायला हात शिवशिवतात. १३सीओ पाहा. त्याचे एकच शिखर त्या खळग्यात नेमके बसत असेल, तर ढग एकच आहे आणि समोरचा थंड वायू मागचा उजेड शोषतो आहे. १३सीओलाही दोन शिखरे असतील आणि ती नकाशात वेगवेगळ्या जागी जात असतील, तरच दोन ढगांचा विचार करा. एम १७ मध्ये टकरीचा अर्थ लावणारे अभ्यास झालेले आहेत. तुम्ही तो अर्थ आधीच मनात धरून क्यूब उघडू नका, एवढेच.

आयनित वायूचा वेग रेडिओ पुनर्संयोग रेषांवरून (इलेक्ट्रॉन अणूला पुन्हा जोडला गेल्यावर निघणाऱ्या रेषांवरून) मिळतो. वाईज उपग्रहावर आधारलेल्या आयनित क्षेत्रांच्या सूचीत तो आयता दिलेला आहे. रेणुवायूशी तो दहा किमी/से च्या आत जुळला पाहिजे. तंतोतंत जुळण्याचा आग्रह नको. ढग एका बाजूने फुटला असेल तर तापलेला वायू तिकडून सुसाट बाहेर पडतो, आणि त्यात ध्वनीचा वेगच मुळी १० किमी/से असतो. वीस-तीसचा फरक आला तर मात्र तो ढग केवळ त्या दिशेला आहे, त्या तेजोमेघाचा नाही.

नकाशे एकमेकांवर ठेवणे

आता १० ते ३० किमी/से ची बेरीज करा. शिवाय दर २ किमी/से चे दहा वेगळे नकाशे काढा. एका पानावर मांडलेले हे दहा नकाशे एका मोठ्या नकाशापेक्षा जास्त सांगतात.

एनव्हीएसएसचे चित्र विषुववृत्तीय चौकटीत येते, क्यूब गॅलॅक्टिकमध्ये. डोळ्याने फिरवून बसवू नका, रीप्रोजेक्टला द्या. विभेदनही सारखे करायला हवे. २१ चे ४५ आर्कसेकंद करायला लागणाऱ्या गुळगुळीत करणाऱ्या फलनाची अर्धउंची-रुंदी ४५ चा वर्ग उणे २१ चा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे ३९.८ येते. पायथनला ती प्रमाण विचलनात द्यावी लागते. २.३५५ ने भागा, १६.९ आर्कसेकंद, म्हणजे १.९९ चौकोन. अनेक जण ३९.८ आर्कसेकंदाचेच चौकोन करून ४.७ हा आकडा देतात. मग ढग धुक्यासारखा पसरतो आणि कडेची सगळी गंमत जाते.

एनव्हीएसएसमध्ये तेजोमेघाभोवती काळे, उणे आकड्यांचे खड्डे दिसतील. ते खरे नाहीत. अनेक अँटेना जोडून घेतलेल्या चित्रात फार मोठे पसरट उत्सर्जन हरवते, त्याचा हा परिणाम. म्हणून एकूण तीव्रता या चित्रातून मोजू नका, एकाच मोठ्या डिशने घेतलेला प्रसिद्ध आकडा वापरा. आकार पाहायला मात्र हे चित्र उत्तम आहे.

तिन्ही थर एकावर एक आले की क्रम दिसला पाहिजे: आत रेडिओ, मग ८ मायक्रोमीटरची कड, मग १३सीओ. क्रम उलटा आला तर आधी चौकट चुकली का ते तपासा.

नाते सिद्ध करायच्या कसोट्या तीन आहेत. वेग जुळणे, कड तेजोमेघाच्या आकाराला धरून वळणे, आणि त्या कडेवर वायू तापलेला असणे. पहिल्या दोन सगळे जण करतात. तिसरी सर्वांत भक्कम, आणि तीच बऱ्याच प्रकल्पांत गाळलेली असते. १२सीओ अपारदर्शक असतो, म्हणून त्याच्या शिखरावरून तापमान थेट निघते:

तापमान = ५.५३ ÷ लॉ[१ + ५.५३ ÷ (शिखर + ०.८४)]

लॉ म्हणजे नैसर्गिक लॉगॅरिदम. शिखर ३० केल्विन असेल तर तापमान ३३.५ येते. चौकटभर हा नकाशा काढा. तेजोमेघापासून दूर १० ते १५, आणि कडेपाशी ३० च्या वर, असा उतार दिसला की तारा आणि ढग शेजारी आहेत याबद्दल शंका उरत नाही. जिथे १२सीओला खळगा पडला आहे तिथे शिखर खोटे कमी येते. ते चौकोन वेगळ्या रंगाने दाखवा, पुसून टाकू नका.

वस्तुमान

इथे प्रत्येक चौकोनासाठी एकाच क्रमाने जायचे. उदाहरण म्हणून एक चौकोन घेऊ: तापमान ३३.५, १३सीओचे शिखर १० केल्विन आणि बेरीज ३० केल्विन किमी/से.

आधी १३सीओची अपारदर्शकता. ५.२९ ला तापमानाने भागा, त्याचा घातांकी आकडा (ई चा तेवढा घात) काढा, त्यातून १ वजा करा. आलेल्याने १ ला भागा, त्यातून पार्श्वप्रारणाचे ०.१७ वजा करा आणि ५.२९ ने गुणा. इथे ३० येते. शिखर भागिले हा आकडा, म्हणजे ०.३३. एक उणे ०.३३, त्याचा लॉगॅरिदम, चिन्ह उलटे: ०.४१. एवढ्या अपारदर्शकतेला बेरीज १.२२ पट वाढवावी लागते. लॉगॅरिदम घ्यायचा आकडाच उणे निघाला आणि संगणकाने उत्तर नाकारले, तर त्या चौकोनात १२सीओचे शिखर खळग्याने खाल्लेले आहे असे समजा.

मग रेणूंची स्तंभघनता, म्हणजे दृष्टिरेषेत दर चौरस सेंटिमीटरमागे रांगेत असलेले रेणू. बेरजेच्या प्रत्येक केल्विन किमी/से मागे चौरस सेंटिमीटरला १३सीओचे किती रेणू, हे तापमानावर ठरते. १० केल्विनला ०.९६, २० ला १.३, ३३.५ ला १.९ आणि ४० ला २.२, सगळ्यांना १० च्या १५व्या घाताने गुणायचे. आपल्या चौकोनात ३० गुणिले १.२२ गुणिले १.९, म्हणजे साधारण ७ गुणिले १० चा १६वा घात. एका १३सीओ रेणूमागे हायड्रोजनचे ५ लाख रेणू धरले की ३.५ गुणिले १० चा २२वा घात.

याला २.२४ ने गुणून १० च्या २०व्या घाताने भागले की चौरस पार्सेकमागे सौरवस्तुमाने मिळतात, इथे सुमारे ७८०. यात हेलियमचा वाटा धरलेला आहे, नंतर पुन्हा १.३६ ने गुणू नका. २ किलोपार्सेकवर ८.५ आर्कसेकंदाचा चौकोन ०.००६८ चौरस पार्सेक भरतो. म्हणजे या एका चौकोनात ५.३ सूर्यांइतका वायू. पाचपट गोंधळाच्या वरच्या सगळ्या चौकोनांची बेरीज करा.

पडताळ्यासाठी १२सीओच्या बेरजेला २ गुणिले १० च्या २०व्या घाताने गुणून पाहा. दोन उत्तरे दुपटीच्या आत राहिली तर समाधान माना. हा सरसकट गुणक मोठ्या, सर्वसाधारण ढगांसाठी आहे, तापलेल्या कडेवर तो भरवशाचा नाही. ५ लाखांचा आकडाही दगडावरची रेघ नाही, जवळच्या ताऱ्याचा अतिनील प्रकाश १३सीओ आधी तोडतो आणि हायड्रोजनचे रेणू नंतर. म्हणून कडेच्या थरात वायू असूनही सीओत दिसत नाही. तुमचे वस्तुमान तिथे कमीच येणार. अंतरातली पाच टक्क्यांची चूक वस्तुमानात दहा टक्के होते, ती या बाकीच्या अनिश्चिततेपुढे किरकोळ आहे. उत्तर चार आकड्यांपर्यंत छापू नका.

करवंटी की बांगडी

बुडबुड्याभोवतीचा वायू करवंटीसारखा सगळीकडून वेढलेला असेल तर त्याची समोरची बाजू आपल्याकडे येताना आणि मागची दूर जाताना दिसेल. बांगडीसारखा कडेलाच असेल तर मध्यभागी काहीच दिसणार नाही. हे ठरवायला पीव्ही-एक्स्ट्रॅक्टरने तेजोमेघाच्या मधून जाणारी रेघ घ्या, रुंदी सात चौकोन, म्हणजे एक आर्कमिनिट. एका अक्षावर जागा आणि दुसऱ्यावर वेग असे (पीव्ही) चित्र मिळते. करवंटी असेल तर त्यात लंबवर्तुळ दिसते. बोमोंट आणि विल्यम्स यांनी २०१० साली ४३ बुडबुडे असे तपासले, तेव्हा समोरची-मागची बाजू सापडली नाही, बहुतेक बांगड्याच निघाल्या. आरसीडब्ल्यू १२० मध्ये मात्र सोफिया या दुर्बीण बसवलेल्या विमानावरून आयनित कार्बनच्या १५८ मायक्रोमीटरच्या रेषेत १५ किमी/से वेगाने फुगणारे कवच दिसले. म्हणजे सीओत दिसले नाही यावरून कवच नाहीच असे म्हणता येत नाही. भारतातही ही कार्बनची रेषा मोजलेली आहे, टाटा मूलभूत संशोधन संस्थेची एक मीटरची दुर्बीण हैदराबादहून बलूनला टांगून वर पाठवतात.

एम १७ मध्ये लंबवर्तुळाची अपेक्षा ठेवू नका. तो एका बाजूने फुटलेला, आपल्याला कडेने दिसणारा तेजोमेघ आहे. उभी भिंत आणि तिच्यापासून लांब जाणारा विरळ वायू, एवढेच पीव्ही चित्रात येईल.

ताऱ्यांचा हिशोब जुळतो का

रेडिओ तीव्रतेवरून ताऱ्यांनी दर सेकंदाला किती आयनकारी फोटॉन ओतले ते काढता येते. जान्स्कीतली (रेडिओ तीव्रतेच्या एककातली) तीव्रता गुणिले किलोपार्सेकमधल्या अंतराचा वर्ग, गुणिले ७.५ गुणिले १० चा ४६वा घात. वारंवारतेचा परिणाम नगण्य असतो. २ किलोपार्सेकवर १०० जान्स्की म्हणजे ३ गुणिले १० चा ४९वा घात, साधारण एका ओ४ ताऱ्याइतके. एम १७ ची खरी तीव्रता याच्या कित्येक पट आहे, आणि त्याच्या समूहात असे एकाहून अधिक तारे आहेतही.

वयाचा अंदाज बांधायचा असेल तर घनतेपासून सुरुवात करा. १० च्या ४९व्या घाताइतके फोटॉन आणि घन सेंटिमीटरला १,००० कण असतील तर आयनित गोळ्याची पहिली त्रिज्या ०.६८ पार्सेक येते आणि दहा लाख वर्षांत ती फुगून ४.५ पार्सेकच्या आसपास जाते. हा हिशोब एकसारख्या घनतेच्या वायूसाठी आहे. फुटलेल्या एम १७ ला तो लावून वय छापू नये, बुडबुड्यांना लावावा.

कडेवर तरुण तारे सापडले की तेजोमेघाच्या दाबाने ते जन्मले, हे वाक्य प्रकल्पात हमखास येते. ते तारे दाब येण्याआधीपासूनच तिथे असू शकतात. कडेवर ताऱ्यांची गर्दी ढगाच्या इतर भागांपेक्षा जास्त आहे का, आणि त्यांचे वय फुगण्याच्या काळापेक्षा कमी आहे का, या दोन्ही गोष्टी दाखवता आल्या तरच ते लिहा. एकट्या सीओच्या क्यूबवरून त्या दाखवता येत नाहीत.

अहवालात प्रत्येक नकाशाखाली केंद्र, वेगाची मर्यादा, विभेदन, गोंधळाची पातळी आणि पहिल्या समोच्च रेषेचा आकडा द्या. वस्तुमानाशेजारी अंतर आणि ५ लाखांचे गृहीत लिहा, म्हणजे दुसऱ्याला आपले अंतर घालून तोच आकडा पुन्हा काढता येईल. कापलेल्या १६ एमबीच्या क्यूब आणि पायथनच्या फाइली एकत्र पेनड्राइव्हवर ठेवा. मूळ १.३ जीबीच्या फाइली पुन्हा उतरवता येतात, पण तुम्ही कोणत्या मर्यादांवर कापले होते ते कुठेच लिहिलेले नसते.